रोहित्राला दिशा नसते

रोहित्राचा धडा शिकवताना आपण सगळेच फळ्यावर एक ठरावीक आकृती काढतो. डावीकडे प्राथमिक वेटोळे, उजवीकडे द्वितीयक वेटोळे, मध्ये लोखंडाचा गाभा आणि डावीकडून उजवीकडे जाणारा बाण. आकृती बरोबरच असते. पण तिच्यातला बाण आपण काढलेला असतो. तांब्याला आणि लोखंडाला त्याची खबर नसते. कोणत्याही वेटोळ्याला प्रत्यावर्ती वीज द्या, दुसऱ्यात ती उमटते. ‘प्राथमिक’ आणि ‘द्वितीयक’ ही नावे यंत्राची नाहीत, आपण त्याचा जो उपयोग करतो त्याची आहेत. ही गोष्ट परीक्षेत सहसा विचारली जात नाही. पण लाइट गेल्यावर कोणी घरातला छोटा जनरेटर सुरू करतो तेव्हा गावाबाहेर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. म्हणून तिचा इतिहास थोडा मुळापासून पाहू.

मायकेल फॅरडेने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकाला विद्युतघट जोडला, दुसऱ्याची तार चुंबकसूचीजवळून नेली. घट जोडताना आणि तोडताना सूची हलली. जगातले पहिले रोहित्र ते हेच, आणि त्याला डावे-उजवे नव्हते. वर्गात हा प्रयोग सहज होतो. लोखंडी बोल्टवर एनॅमलच्या तारेची सारख्या वेढ्यांची दोन वेटोळी, दीड व्होल्टचा एक घट आणि एक गॅल्व्हानोमीटर एवढे पुरे. आधी एका बाजूने करावा, मग जोडण्या अदलाबदल करून. मुलांना विचारावे, आता प्राथमिक कोणते? (जुन्या रेडिओचे किंवा एलिमिनेटरचे रोहित्र मात्र उलटे जोडून पाहू नये. त्याच्या कमी वेढ्यांच्या बाजूला नुसता घट जोडून तोडला, तरी दुसऱ्या टोकाला जबर झटका बसू शकतो.)

रोहित्राची जी गोष्ट, तीच जनित्राची. लेन्झने १८३३-३४ मध्ये आपला नियम मांडला, तेव्हाच तत्त्वतः हे ठरून गेले होते की जे यंत्र फिरवले असता वीज देते, तेच वीज दिली असता फिरेल. पण तत्त्व कळणे वेगळे आणि कारखानदाराच्या डोळ्यांत भरणे वेगळे. ते घडायला १८७३ चे व्हिएन्नाचे प्रदर्शन उजाडावे लागले. तेथे ग्राम यांच्या जनित्राची वीज तारांनी तशाच दुसऱ्या जनित्राला दिली गेली आणि ते मोटर होऊन पंप चालवू लागले. एका कामगाराने तारा चुकून जोडल्या आणि यंत्र आपोआप फिरू लागले, अशी एक गोष्ट यासंबंधी सांगतात. विज्ञानाच्या इतिहासात अशा चुकांच्या गोष्टी जरा जास्तच गोड लागतात, तेव्हा ती बेताने घ्यावी. प्रयोग मात्र खरा, आणि खेळण्यातल्या दोन मोटरी एकमेकींना जोडून तो आजही करता येतो. एकीच्या आसावर दोरा गुंडाळून जोराने ओढला की दुसरी फिरते, निदान थरथरते तरी.

पुढे १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी बंद गाभ्याचे, समांतर जोडणीचे रोहित्र बनवले. १८८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत विल्यम स्टॅन्लीने ग्रेट बॅरिंग्टन या गावात रोहित्रांच्या मदतीने दिवे लावून दाखवले. वीज दूर न्यायची तर दाब वाढवावा, घराजवळ आल्यावर उतरवावा, ही आजची सारी रचना तेव्हा सुरू झाली. यातल्या ब्लाथीनेच १८८९ मध्ये प्रवर्तनावर चालणारे वीजमीटर तयार केले. चकती फिरणारे मीटर आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिलेले असेल. वीज उलट्या दिशेने गेली की यांतल्या अनेक मीटरांच्या चकत्या निमूट उलट्या फिरत. म्हणजे मीटरही आड येत नाही, रोहित्रही येत नाही. घरापासून वीजकेंद्रापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी उघडाच आहे.

या रस्त्यावर माणसे काम करतात. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी दुपारी न्यूयॉर्कमध्ये जॉन फीक्स हा तारायंत्र कंपनीचा लाइनमन खांबावर चढला. त्या काळी तेथील रस्त्यांवर तारायंत्र, टेलिफोन, कमानी दिवे अशा नाना कंपन्यांच्या तारांचे जाळे डोक्यावर लोंबत असे. फीक्सने हाताळलेली तार कमी दाबाची, म्हणजे त्याच्या लेखी निरुपद्रवी होती. पण काही चौक पलीकडे ती एका उच्च दाबाच्या प्रत्यावर्ती तारेला चिकटली होती. फीक्स तारांच्या जाळ्यातच अडकून मरण पावला, आणि खाली जमलेल्या गर्दीने ते पाहिले. त्यानंतर शहरात एवढा क्षोभ झाला की थोड्याच महिन्यांत खांब आणि तारा उतरवण्याची मोहीम निघाली.

एडिसन आणि वेस्टिंगहाउस यांच्या भांडणात हा मृत्यू बहुधा प्रत्यावर्ती विजेविरुद्धचा पुरावा म्हणून सांगितला जातो. आम्हाला त्यात महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. फीक्सला मारणारी वीज त्याच्या तारेत असायलाच नको होती. ती दुसरीकडून आली होती, आणि तो जिथे होता तिथून हे दिसणे शक्य नव्हते. दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, सेंट लुईस येथे तारकामगारांनी आपली राष्ट्रीय संघटना उभारली. तिचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर हा स्वतः लाइनमन होता, आणि १८९६ मध्ये तोही विजेच्या खांबावर काम करतानाच गेला.

आता घरातल्या जनरेटरकडे येऊ. ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या काही भागात सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले. त्याच वर्षी जपानच्या होंडा कंपनीने हातात उचलून नेता येईल असा ई-३०० हा जनरेटर बाजारात आणला. दोन्ही गोष्टी एका वर्षी घडाव्यात हा योगायोग, पण त्यानंतर स्वतःची वीज ही कारखान्याची आणि इस्पितळाची मिरास राहिली नाही. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात दुकानांपुढे फटफटणारे छोटे जनरेटर दिसू लागले. २००५ नंतरच्या काही वर्षांतले महाराष्ट्रातले भारनियमन आठवावे. किंवा ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आठवावे, ज्यानंतर रायगड-रत्नागिरीच्या अनेक गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. अशा वेळी जनरेटर आणणारा माणूस चैनीसाठी आणत नाही. घरात आजारी माणूस असतो, विहिरीवरचा पंप असतो, दुकानातला फ्रीज असतो. आणि नेमक्या अशाच वेळी खांबाखांबावर वायरमन चढलेले असतात.

जनरेटर आला की पहिली युक्ती सुचते ती अशी: दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करायची, एक टोक जनरेटरला, दुसरे भिंतीतल्या सॉकेटला, सगळे घर उजळते. अमेरिकेत अशा वायरीला बोलीभाषेत आत्मघातकी दोरी असेच नाव आहे. तिचे एक टोक जनरेटरला लावले की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट उभे असतात. सॉकेट आणि पिन यांची रचनाच मुळी या नियमावर झाली आहे की ज्या बाजूने वीज येते तिकडे भोके आणि जिकडे जाते तिकडे पिना. ही वायर तो नियम मोडते.

पण पिनांना हात लागण्याचा धोका निदान घरातल्यापुरता राहतो. दुसरा धोका घराबाहेर जातो. सॉकेटमधून शिरलेली वीज मेन स्विच, मीटर आणि सर्व्हिस वायर ओलांडून खांबावरच्या कमी दाबाच्या तारांत उतरते, आणि तेथून डीपीच्या रोहित्रात. हे रोहित्र ११,००० व्होल्टचे ४३३ करते. ४३३ हा दोन फेजमधला दाब. फेज आणि न्यूट्रल यांच्यात तो सुमारे २५० व्होल्ट होतो. उच्च दाबाच्या वेटोळ्यावर ११,००० आणि कमी दाबाच्या वेटोळ्यावर २५०, म्हणजे वेढ्यांचे गुणोत्तर ४४. उलट्या बाजूने २३० व्होल्ट शिरले तर पलीकडे २३० गुणिले ४४, सुमारे १०,१०० व्होल्ट. हे गणित दहावीच्या वर्गाने स्वतः करावे. घरातल्या यंत्राने गावाबाहेरच्या ‘मेलेल्या’ लाइनमध्ये दहा हजार व्होल्ट उभे केले.

यावर अनुभवी माणसे एक आक्षेप घेतात आणि तो विचार करण्याजोगा आहे. दोन किलोवॅटचा जनरेटर अख्ख्या आळीचे पंखे-दिवे ओढू शकत नाही. वीज बाहेर जाताच तो गुदमरून बंद पडेल, मग धोका कसला? पुष्कळदा तसे होतेही. पण वादळात तुमच्या घरापाशीच तार तुटलेली असेल, तर मागे आळी उरतच नाही. तारेचा एक लहान तुकडा उरतो आणि तो जोडायला आलेला माणूस. शेजाऱ्यांनी आपापले मेन बंद ठेवले असतील तर ओझे आणखी कमी. शिवाय रोहित्रापर्यंत वीज पोचली नाही तरी खांबावरचे २३० व्होल्ट जीव घ्यायला पुरेसे आहेत. आणि जनरेटर गुदमरायला जे काही सेकंद लागतात, त्याहून कमी वेळात माणूस मरतो.

मग मेन स्विच आठवणीने पाडावा, एवढे पुरे नाही का? काही ठिकाणी मेन फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच राहतो, ही एक अडचण. पण मोठी अडचण ‘आठवणीने’ या शब्दात आहे. अंधार, पाऊस, रडणारे मूल, आणि जनरेटर सुरू करणारा नेहमीचा माणूस परगावी, अशा रात्री आठवण दगा देते. रेल्वेने हा धडा आधीच घेतला होता. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबीने सांधे आणि सिग्नल एकमेकांत अडकवून ठेवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. सांधेवाल्याने विसरू नये अशी अपेक्षा न ठेवता, विसरला तरी परस्परविरोधी खुणा देताच येऊ नयेत, अशी ती योजना होती.

विजेच्या कामात हेच काम चेंजओव्हर स्विच करतो. याचे जुने रूप शाळेच्या प्रयोगशाळेत अजून सापडेल: संगमरवराच्या किंवा एबोनाइटच्या पाटीवर मध्ये बिजागरीला बसवलेली तांब्याची पाती, दोन्ही बाजूंना खाचा. पाते वर टाकले तर एक जोडणी, खाली टाकले तर दुसरी, मध्ये उभे असेल तर दोन्ही बंद. एकच पाते एका वेळी दोन खाचांत बसू शकत नाही. सगळी सुरक्षितता या साध्या गोष्टीत आहे. वरच्या खाचेला मीटरकडून येणारी वीज, खालच्या खाचेला जनरेटर आणि पात्याला घर. आज हे सारे पेटीत बंद असते, बाहेर फक्त मूठ दिसते, पण आतले तत्त्व तेच. वीज परत आल्यावर तिची आणि जनरेटरची टक्कर होऊन वायरिंग जळणे, हेही त्यामुळेच टळते.

हा स्विच दोन पोलचा हवा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही बदलणारा. न्यूट्रलला काय होते, असे पुष्कळजण म्हणतात. समजा न्यूट्रल सामाईक ठेवला आणि जनरेटर चालू असताना घरात कुठे फेज ओल्या भिंतीला लागला. तो प्रवाह जमिनीतून डीपीच्या अर्थिंगकडे जाईल आणि खांबावरच्या न्यूट्रलमधून जनरेटरकडे परत येईल. वायरमनने तो न्यूट्रल दुरुस्तीसाठी सोडला, तर घराच्या बाजूच्या टोकावर जवळजवळ पूर्ण दाब चढतो. ‘नुसता न्यूट्रल’ म्हणून हातात धरलेली तार, आणि पुन्हा फीक्सचीच गोष्ट.

बाकीची व्यवस्था थोडक्यात. घराच्या बाहेरच्या भिंतीवर पिना झाकलेला इनलेट, जनरेटरपासून तिथपर्यंत योग्य जाडीची केबल, जनरेटरला अर्थिंग, आणि हे सर्व परवानाधारक वायरमनकडून. दोन पोल बदलले की जनरेटरचा पुरवठा स्वतंत्र होतो, म्हणून त्याचा न्यूट्रल एका ठिकाणी अर्थ केला नाही तर गळती पकडणारा ब्रेकर मुकाच राहतो. ते जोडणाऱ्याने पाहायचे. जनरेटर उघड्यावर, दारा-खिडक्यांपासून निदान सहा मीटर दूर हवा, पडवीत किंवा जिन्याखाली नव्हे. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. क्यूबेकमधले १९९८ चे हिमवादळ असो की २००५ चे कॅटरिना, वादळातून वाचलेली काही माणसे नंतर या धुराने गेली.

गेल्या काही वर्षांत छपरांवर सौरपट आले, आणि फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय योजनेनंतर ते आणखी वाढत आहेत. त्यामुळे घराकडून डीपीकडे वीज जाणे हा आता अपघात राहिला नाही, तो रोजचा व्यवहार झाला. म्हणून ग्रिडला जोडलेल्या इन्व्हर्टरमध्येच अशी सोय असते की बाहेरची वीज गेली की त्याने स्वतःहून थांबावे. अमेरिकेच्या २००३ च्या मानकात यासाठी दोन सेकंदांची मर्यादा घातली होती. म्हणूनच ऊन रखरखीत असतानाही लाइट गेली की असा साधा सौरसंच बंद पडतो, आणि घरमालक कंपनीला फोन करतो.

साध्या जनरेटरला असली अक्कल नसते. त्यामुळे जाणता वायरमन स्विच पाडून, फ्यूज काढूनही थांबत नाही. तो आधी तारेत वीज नसल्याची खात्री करतो, मग जिथे काम करायचे तिथल्या तारा साखळीने एकमेकींना आणि जमिनीला जोडतो. ही साखळी तो नुसती वीजकेंद्राच्या बाजूला बांधत नाही. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बांधतो.