यंत्रांची रोजकीर्द

इतिहासाच्या अभ्यासकाला पहिला प्रश्न पडतो तो घटनांचा नव्हे, नोंदींचा. कोणी लिहिले, किती ठेवले आणि काय गाळले, हे कळल्यावाचून साधनाची किंमत ठरत नाही. हाच निकष आज आम्ही एका अलीकडच्या इतिहासाला लावणार आहोत. अहोरात्र चालणारे सर्व्हर, त्यांवर देखरेख ठेवून आलेख काढणाऱ्या आज्ञावली आणि त्यांतून एक निवडणारा माणूस, हा तो विषय होय.

१९९४ साली टोबी ओटिकर इंग्लंडमधील लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठात काम करीत होते. तेथील संगणक हजारावर, आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी वाहिनी सेकंदाला ६४ किलोबिटांची, तीही एकच! तिच्यावर भार किती, हे जाणण्याची सर्वांनाच उत्सुकता होती. ओटिकरांनी एक छोटी आज्ञावली लिहिली व १९९५ साली ती 'एमआरटीजी' या नावाने सर्वांस खुली केली. दर ५ मिनिटांनी ती राउटरला विचारी, आजवर किती मजकूर आला आणि किती गेला? विजेच्या मीटरप्रमाणे मागील वाचन वजा केले की वेग निघे, आणि त्याचा आलेख उमटे.

तिची खरी करामत नोंदवहीत होती. वही कधी फुगत नसे. दिवसाचा आलेख ५ मिनिटांच्या नोंदींचा, आठवड्याचा ३० मिनिटांच्या सरासरीचा, महिन्याचा २ तासांच्या आणि वर्षाचा १ दिवसाच्या सरासरीचा. आमच्या पेढीवरही रोजकीर्दीवरून खतावणी होई. पण खतावणी झाली म्हणून कोणी रोजकीर्द जाळीत नसे. येथे ती नाहीशी होई. १९९९ साली ओटिकरांनीच हे तत्त्व 'आरआरडीटूल'मध्ये स्वतंत्रपणे मांडले, आणि पुढे 'कॅक्टी' व 'म्युनिन' त्याच पायावर उभ्या राहिल्या.

यात बिघडले काय? उदाहरण घेऊ. ६४ किलोबिटांची वाहिनी सकाळी ११ ते १२ तुडुंब भरली आणि उरलेले २३ तास तिच्यावर ८ किलोबिटांचाच भार होता, असे समजा. दिवसाची सरासरी येते १० किलोबिटांच्या किंचित वर. वर्षानंतर तो आकडा पाहणारा अधिकारी म्हणेल, "वाहिनी तर रिकामीच आहे, मोठी कशाला हवी?" आकडा खोटा नाही, पण ११ वाजता खोळंबलेल्यांची साक्ष त्यातून पुसली गेली. आरआरडीटूलमध्ये सरासरीबरोबर उच्चांकही राखण्याची सोय आहे. मात्र तो राखायचा हे अगोदर सांगावे लागते. गेलेली नोंद मागाहून परत येत नाही.

दुसरी परंपरा पहारेकऱ्याची. ईथन गाल्स्टॅड यांची 'नेटसेंट' १९९९ साली आली आणि २००२ पासून 'नागिऑस' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचा प्रश्न निराळा होता: आत्ता सर्व काही ठीक आहे काय? उत्तरेही चारच: ठीक, सावध, संकट, अज्ञात. पहारेकरी झोपेतून उठवतो. महिनाभर यंत्र कसे थकत गेले, हे सांगणे कारकुनाचे काम. म्हणून पुष्कळ ठिकाणी दोघांनाही चाकरीस ठेवीत.

लाटव्हियाच्या अलेक्सेई व्लादिशेव यांची 'झॅबिक्स' २००१ साली खुली झाली. तिने ही दोन्ही कामे एका छताखाली आणली, आणि जुन्या नोंदींतून तासाची सरासरी, नीचांक व उच्चांक राखण्याची रीत ठेवली. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ साली सुरू झालेली 'प्रोमेथिअस' तपशील आटवीत नाही. पण वेगळे सांगितले नाही तर १५ दिवसांपलीकडचे ठेवीतही नाही. २०१४ सालची 'ग्राफाना' आलेख देखणे काढते; परंतु मुळात जे राखलेच नाही ते कोणता चित्रकार दाखवणार?

तेव्हा निवड करताना चित्रांच्या रंगांवर भुलू नये, असे आमचे सांगणे आहे. वर्षानंतर आपणांस कोणता प्रश्न विचारला जाईल, हे आधी ठरवावे, आणि त्याचे उत्तर जी वही राखील ती घ्यावी. सगळेच लक्षात ठेवणे माणसाला जमत नाही, यंत्रालाही परवडत नाही. पण काय विसरावे हे न पाहताच यंत्रावर सोपवणे, हा यंत्राचा नव्हे, आमचा दोष होय.