एका चुलीवरची शाळा

राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, अस्पृश्य अशी वसतिगृहांची रांगच लागली. 1906 मध्ये मुसलमान मुलांसाठी शिक्षणसंस्था निघाली, तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. आमच्या जिल्ह्यात 1914 साली मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला, त्याच्याही मुळाशी उदाजी मराठा बोर्डिंग आहे. नांदगाव-मनमाडकडच्या खेड्यातल्या पोराला नाशकात शिकायचं, तर फी पुढची गोष्ट. आधी प्रश्न यायचा, राहायचं कुठं आणि जेवायचं काय?

ही बोर्डिंगं बहुतेक जातवार होती. त्या काळात तेही थोडं नव्हतं. पण मुलं शिकली तरी पंगती वेगळ्याच राहिल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती भिंत पाडली. 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था आणि 1924 मध्ये साताऱ्याचं वसतिगृह. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. तिथं सगळ्या जातीधर्मांची मुलं एका चुलीवरचं खात आणि कामं वाटून घेत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. काम सगळ्यांनाच असल्यानं गरिबीची लाज वाटायला फारशी जागा उरत नव्हती. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं विनाअनुदानित खासगी शाळांत 25 टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या. फी सरकार भरतं. पण गॅदरिंगचा पोशाख, सहल, वाढदिवसाची ‘रिटर्न गिफ्ट’? हा खर्च कोणत्या कलमात बसवणार?

9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला सूट. नांदगावसारख्या गावात या नियमातून उरलं काय असतं? 19 जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला, हे बरं झालं.

अल्पसंख्याक शाळांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 आणि 2014 च्या निकालांनी या कायद्यातून मोकळीक दिली. 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठानं त्यावर शंका घेऊन विषय मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली. मी मुसलमान आहे, तरी मला ही सूट पटत नाही. गरीब तर आमच्या मोहल्ल्यातही आहेतच की!

माझ्या ओळखीची एक बाई शिवणकाम करते. तिचा मुलगा असाच पंचवीस टक्क्यांतून इंग्रजी शाळेत लागला. पहिली दोन वर्षं ती पालकसभेत मागच्या बाकावर बसून परत यायची. मग एका शिक्षिकेनं ठरवलं, गॅदरिंगला सगळ्या वर्गाचे कपडे एकाच ताग्यातले आणि शिवणार हीच. त्या आठवड्यात तिच्या गल्लीत, ज्यांच्या मोटारी शाळेबाहेर उभ्या असतात त्या आयाही मुलांना घेऊन माप द्यायला आल्या. बसायला जागा कमी पडली, म्हणून दोघी-तिघी ओट्यावरच बसल्या.