झाडाचे शास्त्र आणि घराचा हिशेब : सिंधुदुर्गातील शेती-संशोधन व ग्रामशिक्षणाचा इतिहास

सिंधुदुर्ग जिल्ह्यात शेतीचे ज्ञान तीन ठिकाणी घडले : परंपरेने बी-बियाणे आणि झाडे राखणाऱ्या शेतकऱ्याच्या आवारात, सरकारी संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर आणि पदव्युत्तर पदवीसाठी गावोगाव फिरून माहिती गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात. या तीन ठिकाणांचा परस्परसंबंध कसा जुळत गेला आणि कोठे अपुरा राहिला, हे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. येथील संशोधनाने झाडाचा अभ्यास विलक्षण चिकाटीने केला. ते झाड ज्या घराला पोसते त्या घराचा अभ्यास मात्र उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी झाला.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी मालवण, देवगड, वेंगुर्ले हा किनारपट्टीचा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, तर सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थान १९४८ पर्यंत टिकून होते. जांभ्याचा कातळ, मुसळधार पाऊस आणि उतारावरून वाहून जाणारी माती यांमुळे येथील जमिनीचे दोन ठळक प्रकार पडतात : सखल भागातील भाताचे मळे, आणि डोंगरउतारावरील हलकी वरकस जमीन, जिच्यात नाचणी व वरी यांसारखी भरड धान्ये घेतली जात. रोपवाटिकेच्या जागी पालापाचोळा, कवळ आणि शेण पसरून ते जाळण्याची पद्धत, म्हणजे राब, आणि पाण्याची सोय असलेल्या मळ्यात पावसाळ्यानंतर घेतले जाणारे भाताचे दुसरे पीक, म्हणजे वायंगण, ही या शेतीची जुनी अंगे होत. परंतु केवळ या शेतीवर कुटुंब वर्षभर जगत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि घरकामाच्या नोकऱ्यांतून येणारी मनिऑर्डर हा घराच्या अर्थव्यवस्थेचा आधार बनला. तर किनाऱ्यावरील कुटुंबांत रापण, म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र येऊन किनाऱ्यावरून ओढायचे आणि पकड वाट्यांनी विभागून घ्यायचे मोठे जाळे, नारळ आणि थोडीशी भातशेती हे तिन्ही व्यवसाय एकाच घरात नांदत.

अशा संमिश्र उपजीविकेचा अभ्यास करण्याची पद्धत महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या प्रारंभीच रुजली होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये, आणि ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव या गावाची पाहणी करून १९२१ मध्ये जे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांत जमिनीचे तुकडे, कर्ज, जनावरे आणि मजुरीची मिळकत यांची घरोघरची नोंद होती. कोकणाकडे मात्र त्याच काळातील सरकारी संशोधन पिकाच्या मार्गाने आले. १९१९ मध्ये कर्जत येथे भात संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि १९३२ व १९३३ मध्ये हापूस युरोपला पाठविण्याच्या प्रयोगांचा अहवाल जी. एस. चीमा आणि पी. जी. दाणी यांनी १९३४ मध्ये सादर केला, तेव्हा बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या गरात स्पंजासारखा पांढुरका भाग तयार होण्याच्या विकृतीची, ज्याला बागायतदार साका म्हणतात, शास्त्रीय नोंद झाली. देशावर घराचा अभ्यास आणि कोकणात फळाचा, ही विभागणी कोणी ठरवून केलेली नव्हती; पण पुढील अनेक दशकांवर तिची छाया राहिली.

या सरकारी प्रवाहाशेजारी शिक्षणाचा आणखी एक प्रयोग कणकवलीजवळ वागदे येथे घडला. रत्नागिरी जिल्ह्यातील सीताराम पुरुषोत्तम, म्हणजेच अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१), यांनी गांधीजींच्या आत्मकथेचे मराठी भाषांतर केले होते आणि त्यांना कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाई. त्यांनी १९४८ मध्ये गोपुरी आश्रम स्थापन केला. मैल्याचे खत बनविणारे संडास, गोबर गॅस, मृत जनावरांच्या चामड्याचा उपयोग आणि शेती ही कामे तेथे श्रमप्रतिष्ठेच्या शिकवणीसह एकत्र चालत. शेतीचे शिक्षण म्हणजे पिकाची माहिती नव्हे, तर घर, गोठा, शेत आणि जातिव्यवस्था यांचा एकत्रित विचार, ही धारणा त्यामागे होती. विद्यापीठीय चौकटीत तिला जागा मिळाली नसली, तरी संशोधनाने पुढे कोणते प्रश्न टाळले हे ओळखण्यासाठी हा प्रयोग उपयोगी मापदंड ठरतो.

स्वातंत्र्यानंतर जमीन आणि शिक्षण या दोन्ही क्षेत्रांची चौकट बदलली. १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन अधिनियमाने खोताचे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनी मध्यस्थाचे, वर्चस्व संपविले आणि कूळ कायद्यातील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा दिवस ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वाच्या अंमलबजावणीचा ठरला. शिक्षणाच्या बाजूला, राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली आणि अध्यापन, संशोधन व विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावीत या अमेरिकी नमुन्यावर १९६० मध्ये पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले. फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथे त्याच नमुन्याने प्रभावित झालेले कृषी महाविद्यालय १९०९ पासून चालत होते आणि १९६० मध्ये तेथेच आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तिने प्रसृत केलेला आयआर-८ हा बुटका वाण आणि त्यापाठोपाठ भारतात निर्माण झालेला जया हा वाण यांनी भातशेतीचे रूप पालटले, आणि त्यांचा परिणाम कोकणातील मळ्यांपर्यंतही पोहोचला. महाराष्ट्रात राहुरी (१९६८) आणि अकोला (१९६९) यांच्यानंतर १८ मे १९७२ रोजी दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. तेथे कृषी महाविद्यालय १९६५ पासूनच सुरू होते. पुढे या विद्यापीठाला बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले.

सिंधुदुर्गाच्या दृष्टीने या चौकटीतील सर्वांत महत्त्वाचे स्थान वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राचे आहे. काजू हे पोर्तुगीजांबरोबर आलेले झाड शेकडो वर्षे बियांपासूनच वाढत होते, आणि परपरागीकरणामुळे एका झाडाच्या बियांपासून निघालेली रोपे परस्परांपासून अगदी भिन्न निपजत. म्हणूनच केंद्रातील शास्त्रज्ञांनी प्रथम गावागावांतील चांगली झाडे हेरली. १९७४ मध्ये प्रसारित झालेला वेंगुर्ला-१ हा वाण वेंगुर्ले तालुक्यातील आंसूर येथील झाडांच्या निवडीतून आला. १९८१ चा वेंगुर्ला-३ हा आंसूर-१ आणि वेतोरे-५६ यांच्या संकरातून, तर त्याच वर्षीचा वेंगुर्ला-४ हा मिदनापूर रेड आणि वेतोरे-५६ यांच्या संकरातून सिद्ध झाला. आंसूर आणि वेतोरे ही दोन्ही गावे वेंगुर्ले तालुक्यातीलच आहेत. १९९७ मध्ये प्रसारित झालेल्या वेंगुर्ला-७ या वाणाची बी सुमारे १० ग्रॅम वजनाची असते, तर वेंगुर्ला-१ ची बी सुमारे ६ ग्रॅमची. या वंशावळीतून एक गोष्ट स्पष्ट होते : संशोधन केंद्राने जे ज्ञान गावाला परत दिले, त्याचा कच्चा माल गावातील शेतकऱ्यांनी राखलेली झाडेच होती. आंब्यातही याच केंद्रावर नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये रत्ना आणि रत्ना व हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये अगदी पातळ कोयीचा सिंधू हे वाण प्रसारित झाले; रत्नाच्या फळात साका होत नाही, हे चीमा आणि दाणी यांनी नोंदविलेल्या प्रश्नाला मिळालेले एक उत्तर होते.

वाणाइतकेच महत्त्व कलमाच्या तंत्राला होते. आंब्याचे जुने भेट कलम करताना मातृवृक्षाच्या फांदीजवळ कुंडीतील रोप बांधून ठेवावे लागे, त्यामुळे एका झाडापासून थोडीच कलमे मिळत. नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या कोवळ्या रोपावर काडी बसविण्याचे कोय कलम आणि काजूसाठी कोवळ्या खोडावर करायचे मृदुकाष्ठ कलम ही तंत्रे रूढ झाल्यावर हजारो रोपे एका हंगामात तयार होऊ लागली. हे कौशल्य पुस्तकातून न शिकता हाताने शिकावे लागत असल्यामुळे प्रक्षेत्रावरील मजूर, रोपवाटिकाधारक आणि प्रशिक्षणाला आलेले तरुण यांच्याकरवी ते गावोगाव पसरले आणि कलमे बांधणे हा स्वतंत्र हंगामी व्यवसाय बनला.

१९९० मध्ये राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळझाड लागवड योजना सुरू केली, तेव्हा खड्डे, कलमे आणि खत यांचा खर्च अनुदानातून भागू लागला, आणि वरकस जमिनीवर आंबा व काजू यांच्या बागा वेगाने उभ्या राहिल्या. या बदलाचे श्रेय सामान्यतः अनुदान आणि सुधारित वाण यांना दिले जाते. परंतु घराची रचना हेही त्याचे तितकेच समर्थ कारण होते. ज्या घरातील कर्ता पुरुष मुंबईत आहे आणि वृद्ध माणसे व स्त्रिया गावी आहेत, त्या घराला लावणी, बेणणी आणि कापणी यांचे अचूक वेळापत्रक मागणाऱ्या भातापेक्षा वर्षातील काही महिनेच लक्ष मागणारे झाड अधिक परवडते. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर गावी परतलेल्यांसाठीही बाग हा एक पर्याय ठरला.

या टप्प्यावर पदव्युत्तर संशोधनाची तिसरी वाट रुंदावली. कृषी महाविद्यालयातील विस्तार शिक्षण विभाग, म्हणजे संशोधनाचे निष्कर्ष शेतकऱ्यांपर्यंत कसे पोहोचतात याचा अभ्यास करणारा विभाग, एव्हरेट रॉजर्स यांच्या १९६२ च्या ग्रंथातून प्रचलित झालेल्या नवप्रसारणाच्या सिद्धान्तावर उभा होता. विद्यार्थी एखाद्या तालुक्यातील गावे निवडतो, मुलाखत अनुसूची घेऊन शेतकऱ्यांना भेटतो, वय, शिक्षण, धारणक्षेत्र व उत्पन्न यांची नोंद करतो आणि शिफारस केलेल्या पद्धतींविषयी त्यांचे ज्ञान व अवलंब किती आहे हे मोजतो, असा या प्रबंधांचा सर्वसाधारण आराखडा असतो. पदवीच्या अंतिम वर्षातील ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात विद्यार्थी गावात राहून शेतकरी कुटुंबाबरोबर काम करतात. त्यामुळे शिकणारा आणि शिकविणारा या भूमिकांची अदलाबदल निदान काही महिने तरी घडते.

या आराखड्याचे बळ त्याच्या नेमकेपणात आहे आणि मर्यादाही तेथेच आहे. शिफारशीचा अवलंब न करणे हे ज्ञानाच्या अभावाचे लक्षण मानले, की सातबारा उताऱ्यावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असून त्यांतील बरेचसे परगावी आहेत, या कारणाने बाग लावता न येणारा शेतकरी आकडेवारीत केवळ मागासलेला दिसतो. काजू कारखान्यात बी फोडणारी व गर सोलणारी स्त्री आणि रापणीच्या वाट्यावर जगणारा मालवणचा मच्छीमार हे दोघेही थोडीबहुत शेती करतात. परंतु ‘शेतकरी’ या रकान्यात ते पुरतेपणी बसत नाहीत. शिवाय मालवणीत दिलेली उत्तरे इंग्रजी प्रबंधात बंद होतात आणि ज्याने ती दिली त्याच्याकडे निष्कर्ष क्वचितच परत येतात.

म्हणून या जिल्ह्यातील शेती-संशोधनाच्या पुढील कार्याची दिशा त्याच्या इतिहासातूनच निघते. वेंगुर्ल्याच्या शास्त्रज्ञांनी आंसूर आणि वेतोरे येथील झाडांकडे ज्या आदराने पाहिले, त्याच आदराने शेतकऱ्याच्या निर्णयांकडे पाहिले, मान व कानिटकर यांची घरोघरची नोंद आणि गोपुरीचा एकत्रित विचार यांची सांगड घातली, आणि प्रबंधाचा मराठी सारांश त्या गावाच्या ग्रामपंचायतीला व शाळेला देणे पदवीच्या अटींतच समाविष्ट केले, तर सुधारित वाणाबरोबर घराच्या हिशेबाचे शास्त्रही तयार होईल. झाडाच्या बाबतीत गावाकडून केंद्राकडे आणि केंद्राकडून पुन्हा गावाकडे अशी ज्ञानाची देवघेव येथे सिद्ध झालेली आहे. उपजीविकेच्या बाबतीत ती अद्याप एकाच दिशेने होते, आणि ती दुहेरी करणे हे नव्या पिढीतील संशोधकांचे पहिले काम आहे.