सिस्टरच्या वहीची कुळकथा

अहमदपूर तालुक्यात लेकीचं पहिलं बाळंतपण अजूनही बहुतेक माहेरी होतं. माहेर शेजारच्या कंधार-लोह्यात असलं, की जिल्हा बदलतो. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात आणि बाळाचा जन्म नांदेड जिल्ह्यात. दिवाळीनंतर तेच कुटुंब ऊसतोडीला गेलं, तर बाळाचा पुढचा डोस तिसऱ्याच गावात. या सगळ्यांची नोंद न तुटता पुढे कशी न्यायची? आज ज्याला नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स, म्हणजे नर्सिंगमधल्या नोंदी आणि माहितीचं शास्त्र म्हणतात, त्याचं मूळ अशाच प्रश्नांत आहे.

या नोंदी जिच्यात उतरतात त्या सिस्टरच्या वहीची मूळ पणजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल. प्रत्येक इस्पितळ आपल्या मनाने नोंदी ठेवतं, म्हणून एकाची तुलना दुसऱ्याशी करता येत नाही, हे तिने हेरलं. १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे तिने इस्पितळांसाठी एकसारख्या नोंदपत्रकांची योजना मांडली. नर्सची नोंद म्हणजे अभ्यासाचं साधन, हा विचार तिथपासूनचा.

आपल्याकडची वही आली ती भोर समितीनंतर. नाशिकमध्ये जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली गावोगावच्या प्राथमिक आरोग्य सेवेचा आराखडा दिला. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रं, उपकेंद्रं उभी राहिली, एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), म्हणजे गावची सिस्टर आली. १९७३च्या कर्तारसिंग समितीच्या अहवालानंतर एकेका आजाराचे वेगळे कर्मचारी जाऊन बहुउद्देशीय आरोग्यसेवक-सेविका आल्या. कामं एका हातात आली, तशा वह्याही त्याच हातात आल्या. सर्वसाधारण भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हे प्रमाण ठरलं. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि वहीत आणखी रकाने वाढले.

त्या काळात खुद्द अहमदपूरचाही पत्ता बदलत होता. १९५६पर्यंत ते बीदर जिल्ह्यात, मग उस्मानाबादेत आणि १९८२पासून लातुरात. अहवाल वर पाठवायचं जिल्ह्याचं ठिकाण बदललं. घरोघरी फिरून लिहिण्याचं काम मात्र गावच्या सिस्टरकडेच राहिलं.

वही संगणकात गेली ती २००८नंतर. एचएमआयएस (आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली) पोर्टलवर आकडे चढू लागले. पण तिथे फक्त बेरीज, बाई कोण ते कळत नसे. पाठोपाठ आलेल्या माता-बालक ट्रॅकिंग प्रणालीने प्रत्येक आई-बाळाची नावानिशी नोंद आणि ओळख क्रमांक दिला. माहेर-सासरच्या गुंत्यावरचा तो पहिला खरा उतारा. २०१६ साली ‘अनमोल’ अ‍ॅप आलं आणि नोंदवही टॅबलेटवर आली. तरी कागद सुटला नाही. वही आधी, अ‍ॅप नंतर, असं दुहेरी लिहिणं अनेक सिस्टरांच्या वाट्याला आलं.

गावातल्या बाईच्या नोंदीचं मोल महाराष्ट्राला नवं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला आणि नोंदी ठेवायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापलं. गावात लिहिलेली नोंद जगाच्या संशोधनात पोचली.

२०२१च्या सुधारित अभ्यासक्रमात भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगला इन्फॉर्मॅटिक्स हा विषय आणला. म्हणजे यापुढे शिकून निघणारी सिस्टर नुसती माहिती भरणारी नसेल, माहितीला प्रश्न विचारणारीही असेल. तिच्या संशोधनाला पाठबळ द्यायचं, तर नवे टॅबलेट वाटून भागणार नाही. एक नोंद एकदाच लिहायची सोय हवी, वर गेलेल्या आकड्यांचा अर्थ उपकेंद्रापर्यंत परत यायला हवा आणि अभ्यासासाठी ड्युटीतून वेळ मिळायला हवा. दीडशे वर्षं नोंद तिची आणि निष्कर्ष दुसऱ्यांचे, असं चाललं. आता शोधनिबंधावर लेखिका म्हणून तिचंही नाव लागलं पाहिजे.