उकिडवे बसणे

तळपाय जमिनीला टेकवून, गुडघे पूर्ण मुडपून, बूड अधांतरी ठेवण्याची बैठक. धार काढताना, मोरीत भांडी घासताना ती आजही दिसते. घोटा पुरेसा वाकत नसेल, तर टाचा उचलतात किंवा माणूस मागे कलंडतो. या बैठकीत गुदाशयाचा कोन सरळ होऊन मलविसर्जन सुलभ होते. सतत असे बसणाऱ्यांच्या नडगीच्या खालच्या टोकाला गुळगुळीत खाचा पडतात. जुन्या सांगाड्यांवरून अशी सवय ओळखताना त्यांचा आधार घेतात.

या बैठकीच्या उपयोगाचे सर्वांत लक्षणीय उदाहरण वैद्यकातले आहे. ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हा जन्मजात हृदयविकार असलेले मूल खेळता खेळता निळसर पडते, धापा टाकते आणि कोणी न शिकवता उकिडवे बसते. त्यामुळे पायांच्या रोहिण्या दबतात, शरीरातील रक्तप्रवाहाला होणारा रोध वाढतो आणि अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. निदानाचा असा सोपा धागा विरळाच.

जैन परंपरेनुसार महावीरांना केवलज्ञान झाले ते गोदोहिकासनात, म्हणजे याच बैठकीच्या एका प्रकारात. फार वेळ बसल्यास मात्र गुडघ्याबाहेरील मज्जातंतू दबून पाऊल लुळे पडू शकते.