शाळेच्या कारभारात पालकांचा वाटा

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये चार्टर शाळांचा कायदा केला. भारतात तसा केंद्रीय कायदा नाही. तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूरसारख्या औद्योगिक पट्ट्यातील सरकारी शाळांत पालकांना कारभारात स्थान मिळते, ते शाळा व्यवस्थापन समितीद्वारे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे. दुर्बल व वंचित घटकांतील पालकांनाही प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे होत. शिक्षक नेमण्याचा अधिकार मात्र या कलमात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अल्पसंख्याक व अनुदानित शाळांतील समित्यांची भूमिका केवळ सल्लागाराची राहिली. शिवाय हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरताच मर्यादित आहे.