औषधाच्या डोसमध्ये ‘५.०’ का लिहीत नाहीत?

गणितात ५ आणि ५.० सारखेच. पण औषधाच्या डोसमध्ये ‘५.० मिलिग्रॅम’ लिहिणं धोक्याचं मानलं जातं. टिंब पुसट झालं किंवा नजरेतून सुटलं, तर ५ चे ५० होतात, म्हणजे डोस थेट दहापट.

डोस एकापेक्षा कमी असेल, तर मात्र आधी शून्य हवंच. ‘.५’ मधलं टिंब दिसलं नाही, तर ते ५ वाचलं जातं. म्हणून डॉक्टर रेकॉर्डिंगमध्ये ‘पॉइंट फाइव्ह’ म्हणाले, तरी मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करणारे ‘०.५’ टाइप करतात.

इन्सुलिनसाठी इंग्रजी ‘यू’ न लिहिता ‘युनिट’ असा पूर्ण शब्द लिहितात, कारण घाईत लिहिलेला ‘यू’ शून्यासारखा दिसतो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनच्या २००४ च्या ‘वापरू नका’ यादीत या तिन्ही गोष्टी आहेत.

आकडा आणि एकक यांच्यात जागाही सोडतात. इंग्रजीत १० ला चिकटलेला ‘एम’ शून्यासारखा भासू शकतो.

मग लॅब रिपोर्टमध्ये ‘५.०’ कसं चालतं? तिथे ते शून्य मोजमाप किती अचूक आहे हे सांगतं.